मे महिन्यात भर दुपारी डेस्कटॉप आपोआप रीस्टार्ट होतो. आधी काय तपासावं?

खामला_डीटीपी
नमस्कार मंडळी. मी नागपुरात घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कधी एखादी स्मरणिका. मशीन असं आहे: दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, त्याच्यासोबत आलेलाच पंखा, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणि ६०० व्हीएचा यूपीएस. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब, खिडकीत कूलर.

एप्रिलपर्यंत काही त्रास नव्हता. आता दुपारचे बारा-एक वाजले की मशीन मधेच विझतं आणि लगेच आपोआप सुरू होतं. निळा स्क्रीन नाही, कसला संदेश नाही. सकाळी मात्र एकदम शहाण्यासारखं चालतं. एका दुकानात नेऊन दाखवलं. तिथे तासभर व्यवस्थित चाललं, तरी "मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल" असं सांगितलं. एवढा खर्च करण्याआधी मला नीट समजून घ्यायचंय. सीझन सुरू आहे, पत्रिकेतली नावं शेवटच्या क्षणापर्यंत बदलत असतात आणि त्यातच मशीन बसलं की सगळं परत करा.

आणखी एक. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

तर्रीपोहे
ताई, गरम होऊन राहिलं असन ते. साइडचा पत्रा काढा अन् समोर टेबलफॅन लावा. आमच्याकडे मे महिन्यात हाच इलाज.

धरमपेठी
तर्रीपोहे बरोबर सांगताहेत. हिशोब साधा आहे. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान आणि त्यावर पंख्याला बाहेर टाकता न आलेली उष्णता. जानेवारीत खोली २२ अंशांवर आणि प्रोसेसर कामात असताना ६५ वर असेल, तर खोली ४० वर गेली की तोच प्रोसेसर ८३ च्या पुढे जाणार. त्यात वर्षभराची धूळ. प्रोसेसर आणि त्यावरच्या धातूच्या ठोकळ्यामधली थर्मल पेस्ट बदला, पंखा साफ करा, मदरबोर्ड विसरा.

पुणेरी_कीबोर्ड
एसी बसवला तर माणूस आणि मशीन दोघांचीही सोय होईल.

तर्रीपोहे
@पुणेरी_कीबोर्ड, भाऊ, तुम्ही नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एकदा इकडे या. आमच्या गच्चीवर चहा ठेवू, गॅसशिवाय. मग एसीचं बिल कोण भरते ते ठरवू.

जुना_सोल्डर
ताई, पेस्ट बदलण्याआधी जरा थांबा. तुमच्या पोस्टमध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत आणि तिन्ही मशीनपेक्षा बाहेरच्या विजेकडे बोट दाखवतात.

पहिली, मशीन बंद पडून लगेच आपोआप सुरू होतं. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तुमच्या पिढीच्या आय-फाइव्हला ही मर्यादा १०० अंशांची आहे. तिथवर पोचल्यावर काम रखडतं, माउस अडखळतो, पंखा ओरडायला लागतो. त्याहीपुढे गेलं तर मशीन सरळ बंद होतं, आणि बहुतेक वेळा बंदच राहतं. काहीही न रखडता एका क्षणात विझणं आणि लगेच उठणं, हे वीज क्षणभर तुटल्याचं लक्षण जास्त आहे.

दुसरी, दुकानात ते चाललं. तिथे तुमचं कॅबिनेट गेलं, पण तुमचा यूपीएस, तुमचा सॉकेट आणि तुमच्या घरची वायरिंग गेली नाही.

तिसरी, झिणझिण्या. हा स्वतंत्र दोष आहे, पण दुर्लक्ष करू नका. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याकडे आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याकडे. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा अगदी किरकोळ करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट मिलिअँपिअरच्याही आतला असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या एसएमपीएसच्या आत खरंच काही शॉर्ट झालं, तर तो करंट जायला वाट नसेल. ती वाट मग तुमचा हात होईल.

तर आज एवढंच करा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा आणि कर्नल-पॉवर ४१ ही नोंद कोणत्या वेळांना आहे ते लिहून काढा. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उतरवून घ्या आणि दुपारी काम करताना प्रोसेसरचं तापमान पाहत राहा. मशीन विझलं त्या क्षणी आकडा किती होता, एवढं कळलं की निम्मा वाद मिटतो.

धरमपेठी
@जुना_सोल्डर, कर्नल-पॉवर ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज रीतसर बंद झालं नाही. वीज गेली, एसएमपीएस दमला, कुणी पॉवरचं बटण दाबून धरलं, सगळ्याला तीच नोंद. त्यावरून कारण ठरवता येत नाही.

जुना_सोल्डर
मान्य. कारण ठरवण्यासाठी ती नोंद पुरेशी नाही, पण वेळ ठरवायला आहे. त्या वेळेला घरात आणि गल्लीत काय सुरू झालं हे जुळवून पाहायचं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी एका डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) किती एसी आणि कूलर असतात ते आठवा.

वाडीवाला
तापमानाचे आकडे पाहताना एक ध्यानात ठेवा. मदरबोर्डवरच्या काही सेन्सरच्या जागा रिकाम्या असतात आणि प्रोग्रॅम तिथे १२७ अंश असं काहीतरी दाखवतो. माझा एक मित्र ते पाहून घाबरला अन् मशीन बंद करून बसला. २०२४ च्या मे अखेरीस आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवलं होतं, आठवते ना? देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने तपासलं तर सेन्सरचा दोष निघाला. इथला खरा उच्चांक २०१३ च्या मे महिन्यातला ४७.९ आहे, तोही काही कमी नाही. सांगायचं काय, तर प्रोसेसरच्या कोअरचे आकडे पाहा. बाकीचे जुळले तरच धरा.

नंदनवन_क्लासेस
मला वेगळंच वाटतं. खिडकीत कूलर आहे ना? आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये कूलरच्या झोतात असलेल्या मशीनचे मागचे स्क्रू गंजले, रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडल्या. रॅम काढून साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसली, परत बसवली की मशीन सुरू व्हायचं. एसीच्या खोलीतल्या मशीनला असं कधी झालं नाही. त्यामुळे कूलर आणि कॉम्प्युटर एका खोलीत नको, या मताची मी आहे.

गोरेवाडा
@नंदनवन_क्लासेस, मॅडम, अर्ध्या नागपूरचे कॉम्प्युटर मग चार महिने बंद ठेवावे लागतील! कूलर वाईट नाही, त्याची जागा वाईट असते. मे महिन्यात दुपारी आपल्या हवेत आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून कमी. इतक्या कोरड्या हवेत कूलरने ती पन्नास-साठपर्यंत नेली तरी मशीनला काही होत नाही, उलट स्थिर विजेचे चटके कमी बसतात. अट एकच, समोरचा दरवाजा किंवा दुसरी खिडकी उघडी पाहिजे. हवा बाहेर निघाली नाही की खोली चिपचिपी होते आणि गारवाही येत नाही.

गंज येतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे कूलरच्या ताट्यांमधून (गवताच्या ओल्या जाळ्यांमधून) उडणारे बारीक थेंब. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं, थेंब वाळला की पांढरा डाग मागे राहतो आणि तो क्षार पुढे हवेतली ओल धरून ठेवतो. दुसरं म्हणजे पावसाळा लागल्यावरही कूलरचा पंप सुरू ठेवायचा. जुलैत बाहेरचीच हवा ओली असते, तेव्हा नुसता पंखा चालवावा. तुमच्या क्लासमधला गंज बहुतेक जुलै-ऑगस्टची कमाई असेल.

नंदनवन_क्लासेस
जुलैत पंप सुरू असायचा हे खरं आहे. मुलं भरपूर, उकडायचं फार. पण थेंबांचं तुम्ही म्हणता ते पटलं, पांढरे डाग आमच्याकडे मॉनिटरच्या मागेही होते. तरी माझा आग्रह कायम राहील की कॅबिनेट कूलरच्या समोरच्या रेषेत कधीच नको.

गोरेवाडा
त्यावर आपलं एकमत. बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर वर आणि मागे हवा निघायला वीतभर जागा.

तर्रीपोहे
अन् गवत दरवर्षी बदला. जुन्या गवताची धूळ अन् ओल मिळून पंख्याच्या पात्यावर जे थर बसते ना बाप्पा, ते ब्लोअरनं निघत नाही. ब्रश घेऊन बसावं लागते.

हिंगणा_शिफ्ट
सफाईवरून सांगतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. नाहीतर ते वाऱ्याने भन्नाट फिरतं, बेअरिंग खराब होतं आणि फिरता फिरता उलटी वीज तयार करून बोर्डात पाठवतं. आमच्या गल्लीत सिमेंट रोडचं काम सुरू होतं तेव्हा महिन्याला उघडावं लागायचं, एरवी वर्षातून दोनदा पुरतं: एकदा होळीनंतर, एकदा दिवाळीच्या साफसफाईत. घरातला झाडलोटीचा व्हॅक्यूम थेट बोर्डावर फिरवू नका, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर स्थिर वीज साठते. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा धातूचा ठोकळा, काढलाच तर पेस्ट नवीन लावायची, वाटाण्याएवढी. पोळीला तूप लावल्यासारखी चोपडायची नाही.

आणि साइडचा पत्रा काढून ठेवायचा सल्ला मला अर्धाच मान्य आहे. ज्या कॅबिनेटचं तोंड काचेने किंवा प्लास्टिकने बंद असतं तिथे पत्रा काढल्यावर पाच-सात अंश उतरतात, मी पाहिलंय. पण घरात मांजर असेल, पाली असतील, तर नको. आमच्या इथे एका ऑफिसात एसएमपीएसमध्ये पाल शिरली होती. पुढचं सांगत नाही.

मानेवाडा_७०
माझा वेगळा प्रश्न इथेच विचारतो. माझं मशीन चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचं आहे. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ माझ्यावर चढत नाही. मशीन उत्तम चालतं, मग भंगारात का द्यायचं? वय सत्तर, काम म्हणजे बँक, ईमेल आणि नातवाशी व्हिडिओ.

वाडीवाला
काका, भंगारात देऊ नका. अधिकृतपणे विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तुमच्याकडे ते नाही. एक साधी एसएसडी टाका आणि लिनक्स मिंट बसवा. बँक, ईमेल, व्हिडिओ सगळं ब्राउझरमध्येच होतं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यातच मिळतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. बँकेचं काम अपडेट थांबलेल्या विंडोजवर मात्र करू नका.

खामला ताईंचं मशीन दहाव्या पिढीचं, त्यांना विंडोज ११ चालेल. "टीपीएम नाही" असं आलं तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) पीटीटी नावाचा पर्याय सुरू करायचा, बहुतेक बोर्डांत तो असतो.

मानेवाडा_७०
धन्यवाद. पेन ड्राइव्हवरून आधी न बसवता चालवून पाहता येतं का?

वाडीवाला
हो काका, तेच करा. चार दिवस पेन ड्राइव्हवरून चालवा. कॅमेरा, आवाज, प्रिंटर चालतात का बघा, मग बसवा.

खामला_डीटीपी
सगळ्यांचे आभार. धागा कूलरकडे गेला तरी खूप शिकायला मिळालं. सांगितल्याप्रमाणे पाहिलं.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोअरचं तापमान नुसतं बसल्यावर ५६, मोठी फाइल पीडीएफ करताना ८६. मशीन विझलं तेव्हा मी साधं अक्षरजुळणीचं काम करत होते आणि आकडा ६४ होता. म्हणजे तापून बंद पडलं असं वाटत नाही. लॉगमधल्या वेळा सगळ्या साडेबारा ते साडेचारच्या मधल्या. आणि एक गोष्ट लक्षात आली, विझण्याच्या क्षणी यूपीएसमधून टक् असा आवाज येतो आणि ट्यूबलाइट किंचित मिणमिणते.

जुना_सोल्डर
ताई, तो टक् आवाज यूपीएसच्या रिलेचा. बाहेरचा व्होल्टेज घसरला की यूपीएस एक तर आतल्या ट्रान्सफॉर्मरने तो वाढवतो, नाहीतर सरळ बॅटरीवर जातो. बॅटरीवर जायला त्याला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर काढतो. चांगल्या एसएमपीएसने पूर्ण भारावर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद दम धरावा अशी अपेक्षा असते. पण यूपीएस बॅटरीवर गेला आणि बॅटरीतच जीव नसला, तर? मशीन विझणार. पुढच्या क्षणी बाहेरची वीज आहेच, म्हणून ते उठणार. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे.

तपासायला सोपं आहे. कॉम्प्युटर नीट बंद करून यूपीएसवरून काढा. त्याच्या जागी ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, कॉम्प्युटर नको. यूपीएस रात्रभर चार्ज होऊ द्या. सकाळी बल्ब सुरू करून यूपीएसचं भिंतीतलं बटण बंद करा. बल्ब दहा-पंधरा मिनिटं राहिला तर बॅटरी ठीक. लगेच विझला तर बॅटरी संपली. बॅटरी किती जुनी आहे?

खामला_डीटीपी
यूपीएस घेतला तेव्हाचीच. चौथा उन्हाळा.

हिंगणा_शिफ्ट
मग बल्बही लावायला नको! लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या हिशोबाने सांगितलेलं असतं आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. स्लॅबखालच्या खोलीत टेबलाखाली कोंडलेला यूपीएस, त्याच्या आत तर आणखी गरम. आपल्याकडे दोन-तीन उन्हाळे काढले तरी पुष्कळ.

जुना_सोल्डर
बल्ब लावाच. अंदाजावर मदरबोर्ड बदलायला नको तशी बॅटरीही नको.

धरमपेठी
६४ वर विझलं म्हणजे तापमानाचा मुद्दा इथे लागू नाही, पटलं. तरी ८६ हा आकडा मला जास्त वाटतो. सीझन संपला की पंखा साफ करून घ्या, त्यात नुकसान नाही.

गोरेवाडा
आणि अर्थिंगचं? ते राहूनच गेलं.

जुना_सोल्डर
राहिलेलं नाही, त्यासाठी वायरमन बोलवा, स्वतः सॉकेटमध्ये मीटर घालू नका. त्याने तीन मोजमापं घ्यावीत: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरं एक-दोन व्होल्टच्या आत असलं तर अर्थिंग ठीक. फेज-अर्थ निम्माच दाखवला तर तार तुटलेली आहे किंवा मुळातच जोडलेली नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. काही वायरमन वेळ वाचवायला सॉकेटच्या मागेच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात. मीटरवर सगळं झकास दिसतं, झिणझिण्याही जातात. पण पुढे कधी न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटच्या पत्र्यावर अख्खा फेज येतो. तो सॉकेट उघडून दाखवायला सांगा आणि अर्थची हिरवी तार घराच्या विजेच्या बोर्डापर्यंत जाते हे डोळ्यांनी बघा.

नंदनवन_क्लासेस
घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकायचं हे आमचे सासरे न चुकता करायचे. त्याचा खरंच उपयोग असतो का?

जुना_सोल्डर
खूप असतो, मॅडम, आणि आपल्या काळ्या मातीत तर विशेष. ही माती ओली असताना वीज छान वाहून नेते, पण वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हातभर भेगा पडतात तशाच खड्ड्यात पडतात, आणि पाइप मातीपासून सुटतो. जानेवारीत उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. म्हणून मीठ, कोळसा आणि वरून पाणी. सासऱ्यांचं बरोबर होतं.

खामला_डीटीपी
कळवते. बल्ब लावून पाहिला. भिंतीतलं बटण बंद केल्याबरोबर विझला, यूपीएसने एकदा बीप केलं आणि गप्प. बर्डीच्या बाजारातून बारा व्होल्ट, सात एएचची नवीन बॅटरी आणली आणि जुनी तिथेच परत दिली. आता बल्ब चांगला वेळ राहतो. दुपारी टक् आवाज अजून होतो, ट्यूबलाइट मिणमिणते, मशीन मात्र हललेलं नाही. काल पूर्ण दुपार स्मरणिकेची पानं लावली.

वायरमनलाही बोलावलं. फेज-न्यूट्रल २०६, फेज-अर्थ ९८. सॉकेट उघडला तर तिसऱ्या पिनला तारच नव्हती! त्याने आधी "न्यूट्रलला जोडून देतो" असंच सुचवलं. मी नको म्हटलं आणि बोर्डापासून नवीन हिरवी तार ओढून घेतली. झिणझिण्या गेल्या. खालच्या खड्ड्यात पाणी टाकायला घरमालकांना सांगितलंय.

आता विचारते: घरात २०६ म्हणजे कमी नाही का? त्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्यावा का?

जुना_सोल्डर
फार छान केलंत ताई, विशेषतः न्यूट्रलला नाही म्हणालात ते. स्टॅबिलायझर नको. आजचे बहुतेक एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट घेतात, काही मात्र फक्त २०० ते २४० घेतात. तुमच्या एसएमपीएसच्या लेबलवर पाहा. खालची मर्यादा २०० असेल तरी यूपीएस घसरलेला व्होल्टेज सावरून देतो. स्टॅबिलायझर आणि यूपीएस एकामागे एक लावले तर दोघांचे रिले एकमेकांशी भांडतात. त्यापेक्षा यूपीएसला सॉकेटपासून बोर्डापर्यंतची लाइन वेगळी आहे का ते बघा. कूलर त्याच लाइनवर असेल तर त्याला दुसऱ्या लाइनवर घ्या, टक् टक् कमी होईल. आणि ट्यूबलाइट घरातल्या दुसऱ्या खोल्यांतही मिणमिणते का हे पाहून सांगा. फक्त याच खोलीत असेल तर कुठला तरी जोड सैल आहे, तो आवळून घ्यावा लागेल. सैल जोड तापतो.

खामला_डीटीपी
कूलर त्याच लाइनवर आहे. मिणमिणणं याच खोलीत जास्त दिसतं. वायरमनला परत बोलावते, या वेळी बोर्डच उघडायला लावते.

तर्रीपोहे
ताई, मदरबोर्डचे पैसे वाचले ना? पाटोडी तरी झाली पाहिजे.

मानेवाडा_७०
लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून सुरू झालं. कॅमेरा चालतो, आवाज चालतो, प्रिंटर दिसत नाही. वाडीवाला, प्रिंटरसाठी नवीन धागा काढू की इथेच विचारू?

वाडीवाला
नवीन काढा काका, मॉडेलचं नाव शीर्षकात टाका, म्हणजे पुढे कुणी शोधलं तर सापडेल. मी तिथे येतो.